स्टेरॉइडला वेळ का लागतो?

दम्याचा जोरदार झटका आलेल्या रुग्णाला नेब्युलायझरमधून औषधाची वाफ दिली, की काही मिनिटांत श्वास थोडा मोकळा होतो. सोबत दिलेल्या स्टेरॉइडचा परिणाम दिसायला मात्र काही तास जातात. ‘इंजेक्शन लागू पडले नाही का?’ असे नातेवाईक काळजीने विचारतात. या उशिराचे कारण जिवंत पेशीत डोळ्यांनी पाहता येते.

पूर्वी पेशीतले एखादे प्रथिन पाहायचे, तर बहुधा पेशी मारून, रंगवूनच पाहावी लागे. प्रथिन कुठे आहे ते कळे. कुठून आले, कुठे चालले हे कळत नसे. ही अडचण एका जेलीफिशने दूर केली. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये तिच्यातून हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले. डग्लस प्रेशर यांनी १९९२ मध्ये त्याचे जनुक मिळवले. मार्टिन चॅल्फी यांनी १९९४ मध्ये ते जनुक जिवाणू आणि सूक्ष्म कृमीत घालून चमकवून दाखवले. रॉजर त्सिएन यांनी त्याला आणखी रंग दिले. शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हे जनुक हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला जोडले, की ते प्रथिन जणू स्वतःचा दिवा घेऊनच तयार होते. निळा प्रकाश टाकला की हिरवे दिसते.

पेशीत स्टेरॉइडला पकडणारे एक ग्राही प्रथिन असते. १९९६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला असा दिवा जोडला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत ते आधी केंद्रकाबाहेर पसरलेले होते. कोविडमुळे सर्वांना माहीत झालेले डेक्सामेथासोन घालताच काही मिनिटांत ते केंद्रकात जमा झाले. २००० मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: हे प्रथिन जनुकाला चिकटून बसत नाही, काही सेकंदांत सुटते आणि त्याची जागा दुसरे घेते.

म्हणजे औषध मुक्कामी लवकर पोचते. खरा वेळ लागतो तो पुढच्या कामाला: काही जनुके चालू होणे, काही मंदावणे, नवी प्रथिने तयार होणे आणि मग श्वासनलिकेची सूज उतरणे.

म्हणूनच झटक्यात लगेच आराम देणारे औषध आणि सूज उतरवणारे स्टेरॉइड या दोहोंची गरज असते. लगेच फरक नाही म्हणून मनाने डोस वाढवू नये. बरे वाटले म्हणून रोजचा स्टेरॉइडचा पंपही डॉक्टरांना न विचारता सोडू नये. आणि पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.