ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन : एक चिन्हव्यवस्था

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील चित्र म्हणजे विक्रीसाठी केलेली सजावट, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. गाणे कोणाचे, हे ध्वनी स्वतः नेहमीच सांगू शकत नाही. ही उणीव भरून काढण्याचे कार्य वेष्टन करते, आणि म्हणून ते भाषाभ्यासकाच्याही विचाराचा विषय ठरते.

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळी तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना ओळख पटावी म्हणून गायिका गाण्याच्या अखेरीस आपले नाव उच्चारीत असे. पुढे हे कार्य तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदी चकतीकडे गेले. बाहेरचे पाकीट मात्र बहुधा साधेच राही. त्याला पाडलेल्या गोल छिद्रातून चकती वाचावयाची. १९४० च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी वेष्टनावर चित्र आणले. १९४८ पासून दीर्घवादन तबकडीच्या सुमारे ३० सेंटिमीटर चौरस पुठ्ठ्याने चित्रकारास विस्तृत क्षेत्र दिले.

१९८० नंतर कॅसेटमुळे हे क्षेत्र तळहाताएवढे झाले. पण त्याचा प्रसार यात्रांतील दुकानांपर्यंत पोहोचला. जालना जिल्ह्यातील राजूर हे राजुरेश्वर गणपतीचे क्षेत्र असून अंगारकी चतुर्थीस तेथे मोठी गर्दी लोटते. अशा क्षेत्री विकल्या जाणाऱ्या भक्तिगीतांच्या कॅसेटच्या वेष्टनाची मांडणी बहुधा ठरलेली असे : मध्यभागी देवतेची मूर्ती, एका कोपऱ्यात गायकाचे छायाचित्र आणि वर ठळक, वळणदार देवनागरी अक्षरे.

चार्ल्स पर्स यांनी केलेले चिन्हांचे त्रिविध वर्गीकरण येथे एकत्र आढळते. मूर्तीचे चित्र साम्यावर आधारलेले आहे. निरक्षर यात्रेकरूसही ते कळते. छायाचित्र प्रत्यक्ष व्यक्तीशी असलेल्या संबंधामुळे साक्ष देते. अक्षरे मात्र संकेतावर अवलंबून असतात. गीतकार, संगीतकार व वादक यांची ओळख केवळ या तिसऱ्या चिन्हातच सुरक्षित असते, कारण त्यांचे चित्र सहसा छापले जात नाही.

येथेच खरा प्रश्न उद्भवतो. कॅसेटवरील गाणे भ्रमणध्वनीत उतरविले की ध्वनी टिकतो आणि कधी कधी देवतेचे लहानसे चित्रही टिकते. पण मागील बाजूची नावे बहुधा गळून पडतात. काही काळाने ते गीत अनामिक, म्हणून ‘पारंपरिक’ समजले जाते. एका ज्ञात कवीचे कर्तृत्व अशा रीतीने लोकपरंपरेच्या खाती जमा होते, आणि लोकगीतांच्या अभ्यासात एक चुकीचे प्रमाण शिरते.

म्हणून क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनी केवळ ध्वनी संगृहीत करून थांबू नये. वेष्टनाच्या सर्व बाजू, आतील घडीसुद्धा, संहितेचा भाग मानून त्यांची नोंद करावी. गायिकेने एकेकाळी स्वमुखाने दिलेली ओळख आज या कागदाच्या तुकड्यावर विसंबून आहे.