फड एकाचा नव्हे, सगळ्यांचा
— ऊस विकास अधिकारी



माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी एका गावात हुमणीने कहर केला. खोडव्याची ठोंबे हाताने ओढली तर अलगद वर येत, मुळ्या शिल्लकच नव्हत्या. बाराएक सभासद माझ्याकडे आले. मी तत्परतेने त्यांना औषध मिळवून दिले, त्यांनी ते नीट वापरले आणि मी निर्धास्त झालो. पुढच्या श्रावणात पाहतो तो त्याच शिवारात पुन्हा हुमणी! बारा जणांनी औषध टाकले, पण शेजारच्यांनी काहीच केले नव्हते. भुंगेऱ्याला बांध कुठला?

वळवाचा किंवा मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर बसतात आणि पहाटेच्या आत पुन्हा जमिनीत जातात. एक मादी साधारण 50 ते 60 अंडी घालते. म्हणजे एका झाडाकडे दुर्लक्ष झाले तरी पुढे शंभर मुळ्यांना घोर. त्या वर्षी आम्ही देवळात बैठक घेतली. कोणत्या ओढ्याकाठची झाडे कोणी हलवायची, कंदिलाचे सापळे कोणी लावायचे, रॉकेलमिश्रित पाण्याची घमेली कोणी आणायची, हे वहीत लिहिले. पहिल्या पावसानंतर रोज अंधार पडताच पोरेसोरेसुद्धा बाहेर पडली. हुमणी समूळ गेली असे म्हणणार नाही, पण पुढच्या वर्षी खोडवे उभे राहिले. औषध दोन्ही वर्षी होते. पहिल्या वर्षी माणसे एकत्र नव्हती, एवढाच काय तो फरक.

एकी म्हणजे नेमके काय?

"एकी करा" असे भाषणात सांगणे सोपे. ती टिकते कशी, हे पाहायचे तर खानदेशाकडे आणि बागलाणाकडे पाहावे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वी बंधारे बांधून तिथल्या शेतकऱ्यांनी फड बागायत चालवली. पाटाखालच्या जमिनीचे साधारण तीन-चार भाग करायचे. अशा एकेका भागाला फड म्हणतात. एका फडात एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, आणि ही पिके आळीपाळीने फिरवायची. पाणी पाटकऱ्याने द्यायचे, पिकाची राखण जागल्याने करायची, त्यांच्यावर देखरेख हवालदाराची आणि निवाडा पंचांचा. पाट साफ करायचा तो सगळ्यांनी मिळून.

यातली खरी मेख पुढेच आहे. बहुतेक खातेदारांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असे. नदीला पाणी कमी आले की पंच एखादा फड पडीक ठेवायचे ठरवत. तो फड एकट्याचा नसल्याने झळ सगळ्यांना सारखी लागे. वरचा तुपाशी आणि शेपटाचा उपाशी, असे होत नसे. पुढे काळ बदलला, अनेक ठिकाणी ही पद्धत मोडली. पण ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती काही माणसे देवमाणसे होती म्हणून नव्हे. तोटा वाटून घ्यायची सोय आधीच करून ठेवलेली होती, आणि कोणाचे काम काय हे ठरलेले होते.

आपल्या जिल्ह्यालाही ही गोष्ट नवी नाही. सासवडकडून नीरा कालव्याच्या भागात आलेल्या माळी बागायतदारांनी 1932 साली भांडवल एकत्र करून कंपनी काढली आणि माळशिरस तालुक्यात माळीनगरचा साखर कारखाना उभा राहिला. सहकारी कारखाना तेव्हा महाराष्ट्रात नव्हता. प्रवरानगरचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. गाव करी ते राव न करी, ते असे.

आता आपल्या फडाकडे

आपल्याकडे फड म्हटले की ऊसतोड डोळ्यासमोर येते. हंगामात कार्यालयात रोज एकच प्रश्न असतो, "साहेब, माझी टोळी कधी?" तोडीची तारीख उलटली, तुरा आला की जीव खालीवर होणारच. मग एक जण मुकादमाला खुशाली देतो. ते पाहून शेजारी जास्त देतो. शेवटी टोळी आधी कोणाकडे गेली हे बाजूलाच राहते, खुशालीचा दर मात्र सगळ्या चारीला पडतो. आणि ज्याच्याकडे द्यायला नाही त्याचा ऊस मार्च-एप्रिलच्या उन्हात वाळतो. त्याचे वजन जाते, खोडवाही हातचा जातो.

म्हणून माझी विनंती अशी की, एका चारीवरच्या पंधरा-वीस सभासदांनी आपला गट करावा आणि चार सवयी लावून घ्याव्यात.

पहिली, लागण शक्यतो एकाच पंधरवड्यात आणि एकाच जातीची करावी. म्हणजे ऊस एकदम पक्व होतो आणि टोळीला रोज तळ हलवावा लागत नाही.

दुसरी, लागणीच्या तारखेप्रमाणे तोडीचा क्रम हंगामाआधीच लिहून देवळात लावावा. तारीख सारखी असेल तर यंदा जो शेवटी राहिला त्याचे नाव पुढच्या वर्षी आधी घ्यावे. त्याच्या उभ्या उसाला पाण्याची पाळीही इतरांच्या आधी द्यावी. फडातली झळ वाटून घेण्याची रीत ती हीच.

तिसरी, खुशाली कोणीही स्वतंत्र द्यायची नाही. मुकादमाशी बोलायला गटाचा एकच माणूस, वही सांभाळायला दुसरा. टोळी यायच्या आधी ओढ्यावरचा रस्ता सगळ्यांनी मिळून बुजवायचा. तोडलेला ऊस 24 तासांत गाळला गेला नाही तर वजन आणि साखर दोन्ही घटतात. गाडी चिखलात रुतली तर नुकसान एकट्याचे होत नाही.

चौथी, महिन्यातून एकदा बांधावरच अर्धा तास बसावे. काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत, एवढेच लिहावे. मागच्या बैठकीतले काय राहिले ते आधी वाचावे. उणीदुणी काढायला वेळ उरणार नाही, आणि तेच बरे.

यात आमचीही जबाबदारी आहे. लिहिलेला क्रम चिटबॉयने किंवा मी परस्पर बदलला तर गटाने वही घेऊन सरळ माझ्या टेबलाशी यावे. मला राग येणार नाही. हुमणीच्या वेळी मी मागेल त्याला औषध देत बसलो. तेव्हाच कोणी वही पुढे केली असती तर एक वर्ष वाचले असते.

आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते, आणि भुंगेरे त्याआधीच निघतात. तेव्हा पहिला पाऊस पडायच्या आत गटाची पहिली बैठक घ्यावी आणि दिवस कळवावा. आमच्यातला एक जण वही-पेन घेऊन नक्की हजर राहील. चहा मात्र गटाचा.