पळतो घोडा, घडवतो ट्रेनर : मलकपेठच्या तबेल्यात काय चालतं?

हैदराबाद : देगलूर, बिदर किंवा आदिलाबादकडून हैदराबादला कामानिमित्त जाणाऱ्यांना मलकपेठचं रेसकोर्स बाहेरून माहीत असतं. शर्यतीच्या दिवशी गर्दी, हातात पुस्तिका आणि जिंकलेल्या जॉकीचा फोटो. पण घोडा ज्याच्या हाताखाली तयार होतो, तो ट्रेनर त्या फोटोत कडेला उभा असतो. त्याचं काम नेमकं काय आणि ते सध्या अडचणीत का आहे, हे समजून घेऊ.

निजामाच्या काळापासून

निजामाच्या राज्यात शर्यती सुरू झाल्या त्या १८६८ मध्ये, मौला अली इथे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना घोड्यांचा भारी शौक. त्यांच्या काळात, १८८६ मध्ये, शर्यती मलकपेठला आल्या. १९११ मध्ये ते वारले आणि शर्यती सिकंदराबादकडे गेल्या. १९६१ मध्ये हैदराबाद रेस क्लब उभा राहिला आणि पुढे मलकपेठचं मैदान पुन्हा जागं झालं. आज इथे पावसाळी आणि हिवाळी असे दोन हंगाम होतात. पावसाळी हंगामातली मानाची डेक्कन डर्बी २ ऑक्टोबरला होते.

हा घोडा वेगळा

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत आपण जे घोडे बघतो, ते हे नव्हेत. शर्यतीचा घोडा थरोब्रेड जातीचा. इंग्लंडमध्ये अरबी आणि तुर्की रक्ताच्या घोड्यांपासून ही जात तयार झाली. तिची वंशावळ १७९१ पासून छापली जाते. आई-बाप नोंदीत नसतील तर घोडा कितीही पळो, त्याला या शर्यतीत प्रवेश नाही. भारतातली ही नोंद पुण्यातून ठेवली जाते, आणि पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर जन्मलेले कितीतरी घोडे हैदराबादला पळतात.

ट्रेनर कसा होतो?

लायसन्स क्लब देतो, तेही लगेच नाही. आधी बरीच वर्षं कुणाच्या तरी हाताखाली सहायक म्हणून काढावी लागतात. काही जण जॉकी म्हणून निवृत्त होऊन इकडे वळतात. पेसी श्रॉफ यांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. जॉकी म्हणून त्यांनी आठ वेळा इंडियन डर्बी जिंकली आणि नंतर ट्रेनर म्हणूनही नाव कमावलं.

लायसन्स मिळालं तरी घोडे मिळतातच असं नाही. घोडा मालकाचा असतो. मालक विश्वासाने दोन-चार घोडे देतो, ते जिंकले तर आणखी येतात. हरत राहिले तर तबेला रिकामा व्हायला एक हंगाम पुरतो.

पहाटेची परीक्षा

घोडा साधारण दोन वर्षांचा असताना ट्रेनरकडे येतो. अंगाने भरलेला दिसला तरी त्याची हाडं अजून कच्ची असतात. घाई केली तर पायाची नळी दुखावते, टेंडन गेला तर घोडा कायमचा बसतो. म्हणून आधी चालणं, मग दुडकी चाल, मग हळूहळू वेग. पहाटे उजाडता उजाडता ट्रॅकवर सराव होतो, ट्रेनर हातात स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. पण नुसत्या वेळेवर भागत नाही. कालच्या ओटमधला किती शिल्लक राहिला, गुडघ्याखाली हात लावल्यावर पाय गरम लागतो का, हेही बघावं लागतं. मोतद्दार, नालबंद, रायडिंग बॉय आणि डॉक्टर या सगळ्यांचं ऐकून निर्णय त्यालाच घ्यायचा असतो.

दुसरं कसब शर्यत निवडण्याचं. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन असतं, त्यामुळे कोणता घोडा कुठे आणि किती अंतराला उतरवायचा, इथेच अर्धी शर्यत ठरते. आणि तपासणीत घोड्याच्या अंगात बंदी असलेलं औषध सापडलं, तर जाब पहिल्यांदा ट्रेनरला विचारला जातो.

कोर्ट म्हणतं कसब, कर म्हणतो जुगार

१९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचं प्रशिक्षण आणि जॉकीचं कसब या दोन्हींचा विचार त्या निकालात झाला. म्हणजे ट्रेनरच्या पहाटेच्या मेहनतीला कोर्टाची मान्यता मिळाली.

कराच्या बाबतीत मात्र शर्यत कॅसिनोच्या रांगेत बसते. जीएसटी आला तेव्हा दर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला.

पैसे लावणारा कर भरतो, मग ट्रेनरचा काय संबंध? संबंध सरळ आहे. क्लबचं मोठं उत्पन्न लावलेल्या पैशांवरच्या कमिशनमधून येतं आणि बक्षिसं त्यातून निघतात. कर वाढला की लोक हात आखडता घेतात किंवा बेकायदा बुकीकडे वळतात. बक्षीस घटलं की मालकाला घोडा परवडत नाही. मालक गेला की आधी ट्रेनरचा तबेला रिकामा होतो आणि मग मोतद्दाराच्या घरची चूल अडचणीत येते.

शर्यतीवर पैसे लावावेत का, यावर मतं वेगवेगळी असतील, आणि त्यात घरं बुडालेली लोकांनी पाहिलीही आहेत. पण तबेल्यातलं काम पैसे लावण्याचं नाही, जनावर ओळखण्याचं आहे. पुस्तकातून ते येत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे जातं. शिकायला येणारी पोरं थांबली, तर कर पुन्हा कमी झाला तरी ही विद्या लगेच परत यायची नाही.