आधी बोट, मग गाडी

मोठ्या सुटीचा बेत आखणे म्हणजे लग्नाची बोलणी करण्यासारखेच असते. मुलीकडच्यांना तारीख चालते तेव्हा मुलाकडच्यांना अडचण असते आणि दोघांचे जुळले की कार्यालय मिळत नाही. आमच्या घरात गेले तीन महिने अशीच बोलणी चालू आहेत. एका बाजूला कोकण रेल्वे, दुसऱ्या बाजूला निलगिरीची डोंगरगाडी आणि मध्ये साक्षात अरबी समुद्र! ह्यांच्या निवृत्तीनंतरची ही पहिलीच लांब सुटी, चांगली १७ दिवसांची. प्रवासी तिघे : हे, मी आणि ८० वर्षांच्या माझ्या सासूबाई.

कागदावर बेत देखणा दिसतो. मुंबईहून कोकण रेल्वेने मडगाव, तिथे एक मुक्काम, मग कोची. कोचीहून जहाजाने लक्षद्वीप. परत आल्यावर कोइमतूरमार्गे मेट्टुपाळयम, तिथून छोट्या गाडीने उटी आणि मग घर. पण या तिन्ही ठिकाणांचे पंचांग वेगवेगळे आहे, हे बेत आखायला बसल्यावर कळते.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरमध्ये नव्वदहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आणि पानवलचा पूल ६४ मीटर उंच. या मार्गाचे खरे रूप पाहावे ते पावसाळ्यात, डोंगरातून धबधबे कोसळत असताना. पण नेमक्या त्याच दिवसांत दर्या खवळलेला असतो. बरे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जावे, तर निलगिरीत ईशान्येचा पाऊस सुरू होतो, दरडी येतात आणि डोंगरगाडी वरचेवर रद्द होते.

ही डोंगरगाडीही चुकवण्यासारखी नाही. उटीपर्यंतचा मार्ग १९०८ साली पूर्ण झाला. अंतर अवघे ४६ किलोमीटर, पण चढताना जवळजवळ पाच तास लागतात. कल्लार ते कुन्नूर या चढात रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या आहेत. इंजिनाची दातेरी चाके त्यांत अडकतात आणि गाडी घसरत नाही. इंजिन पुढे नसून मागे असते, म्हणजे ते डब्यांना ओढत नाही, ढकलते. २००५ साली युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारशात स्थान दिले.

तेव्हा आम्ही जानेवारी पक्का केला. धबधब्यांवर पाणी सोडले. पण कोकणात तेव्हा आंब्याला मोहोर असतो, समुद्र शांत असतो आणि डोंगरात दरडींची भीती कमी असते. तीन पाहुण्यांना एका पंगतीत बसवायचे तर प्रत्येकाची थोडी थोडी समजूत घालावी लागतेच.

खरी अडचण पुढेच होती. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे, वस्ती त्यांतल्या १० बेटांवर. कोचीहून जहाजाला बेटानुसार साधारण १४ ते १८ तास लागतात. आम्ही निवडलेल्या सहलीत रात्री जहाजात झोपायचे आणि दिवसा बेट पाहायचे. पण प्रवाळाच्या उथळ पाण्यामुळे अनेक ठिकाणी जहाज बाहेरच थांबते आणि हेलकावणाऱ्या छोट्या होडीत उतरावे लागते. सासूबाईंचे गुडघे गेली दहा वर्षे जिन्यालाही नाही म्हणतात. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, पण चढउतार जपून, असे बजावले. ह्यांनी मुकाट्याने जहाज खोडून तिथे ‘मुन्नार’ लिहिले.

सासूबाईंनी तो कागद पाहिला. १९६५ साली लग्न होऊन त्या वेंगुर्ल्याहून मुंबईला आल्या, तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. रात्री पडावातून बोटीपर्यंत गेल्या आणि पत्र्याची ट्रंक मांडीशी धरून दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्याला लागल्या. त्यानंतर आजवर त्या बोटीत बसलेल्या नाहीत. आधी मुलांच्या शाळा, मग सासऱ्यांचे आजारपण, मग त्यांचे स्वतःचे गुडघे. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य या घरात साठ वर्षे नांदते आहे.

‘‘अरे, मला बेट कुठं बघायचंय?’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही दोघं उतरा. मी वर खुर्चीत बसेन. मला पाणी बघायचंय, चहूकडं.’’

हे काही बोलले नाहीत. मुन्नार खोडले गेले. एक दिवस हे त्यांच्यासोबत जहाजावर थांबतील आणि एक दिवस मी, असे ठरले. खरे सांगायचे तर त्या क्षणापासून बेताला आकार आला. कोण काय पाहण्यासाठी निघाले आहे हे एकदा कळले, की बाकीची यादी आपोआप छाटली जाते.

तुमच्याही घरी असा बेत शिजत असेल, तर आमचे धडे सांगते. आधी बोटीची तारीख, मग गाडीची. लक्षद्वीपला प्रवेशपरवाना लागतो, म्हणून ते काम सर्वांत आधी. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, तेव्हा ती तारीख दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहा. ज्येष्ठांची तिकीट-सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे खर्च मांडताना धरा. जहाज सुटण्यापूर्वी आणि परतल्यानंतर कोचीत एकेक दिवस रिकामा ठेवा, गाडीला किंवा जहाजाला उशीर झाला तर तोच वाचवतो. उटी आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे. माणसे थकली तर डोंगर गाळता येतो, समुद्र नाही. आणि नातवंडांसाठी प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका, तो तिथे गुन्हा आहे.

येत्या आठवड्यात परवान्याचे अर्ज भरायचे आहेत. सही वेडीवाकडी येऊ नये म्हणून सासूबाई रोज दुपारी जुन्या वहीत आपले नाव गिरवीत बसतात.