मेसचा खाडा

परगावी शिकणाऱ्या मुलामुलींना आईवडील दूरध्वनीवर जो पहिला प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर ठरलेले असते. ‘जेवलास का?’ ‘हो, जेवलो.’ पुण्याच्या मध्यवस्तीत, अभ्यासिका, खाणावळी आणि ‘कॉट बेसिस’च्या खोल्या यांच्या दाटीत माझा दवाखाना आहे. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, वाचकहो, या ‘हो’वर पूर्ण विसंबू नका. मूल खोटे बोलते असे नव्हे. दुपारी बारा वाजता दोन पोळ्या खाल्ल्या असतील आणि आपण रात्री नऊ वाजता विचारले असेल, तर ‘जेवलो’ हे उत्तर खरेच असते.

खाणावळीच्या व्यवहारात ‘खाडा’ हा शब्द आहे. मेसचा मेंबर गावी गेला, आजारी पडला, तर त्याने आधी सांगून खाडा धरायचा आणि तेवढे दिवस पुढे वाढवून घ्यायचे, अशी ही सोय. पैसे अपुरे असलेल्या विद्यार्थ्याने तिचा निराळाच उपयोग शोधून काढला आहे. तो गावी जात नाही, आजारीही नसतो. तरीही महिन्यातून आठ-दहा खाडे धरतो, म्हणजे तीस दिवसांचे पैसे चाळीस दिवस पुरतात. दुसरा मार्ग एकाच वेळच्या डब्याचा. त्यातल्या दोन पोळ्या दुपारी, उरलेल्या दोन आणि थंडगार भात रात्री. तिसरा मार्ग एका डब्यात दोघांनी जेवण्याचा. हे सारे इतक्या शिस्तीने चालते की, त्याला उपासमार म्हणावे असे कोणाच्या मनात येत नाही. विद्यार्थ्याच्या तर मुळीच येत नाही. तो त्याला ‘ॲडजस्टमेंट’ म्हणतो. आणि रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात. सकाळच्या गोडाच्या जेवणावर संध्याकाळ निभावायची आणि सोमवारच्या दुपारपर्यंत वाट पाहायची, हे अनेकांच्या अंगवळणी पडलेले आहे.

वैद्यकाच्या भाषेत याला ‘अन्न-असुरक्षितता’ म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा: पुढचे पुरेसे आणि सकस जेवण मिळेलच अशी खात्री नसणे. प्रत्यक्ष उपाशी राहणे ही त्याची शेवटची पायरी. त्याआधी फळे जातात, मग दूध, मग अंडी, मग न्याहारी, आणि सर्वांत शेवटी एक वेळचे जेवण.

दवाखान्यात येऊन ‘डॉक्टर, मी उपाशी आहे’ असे आजवर एकाही विद्यार्थ्याने मला सांगितलेले नाही. ते सांगतात पित्त, डोके दुखणे, चक्कर, केस गळणे, पाठांतर लक्षात न राहणे. मुली सांगतात, पाळी दोन-दोन महिने पुढे जाते. रिकाम्या पोटी चारदा चहा घेतला तर पित्त होणारच, आणि त्यावर औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी तशीच रिकाम्या पोटी घेतली, तर जठराच्या अस्तराला इजा होण्याचा धोका वाढतो. चहाने भूक मरते, म्हणून तो घेतला जातो. तंबाखूनेही मरते, काही मुलांचे व्यसन मित्रांच्या संगतीपेक्षा या सोयीपायी जडलेले असते, असे माझे निरीक्षण आहे.

मराठवाड्यातून स्पर्धापरीक्षेसाठी आलेली एक मुलगी अभ्यासिकेत भोवळ येऊन पडली म्हणून तिच्या मैत्रिणी तिला घेऊन आल्या. रक्तदाब कमी, नखे आणि पापण्यांच्या आतील बाजू पांढुरकी. हिमोग्लोबिन आठ भरले. तिच्या वयाच्या मुलीचे ते किमान बारा हवे. ‘जेवतेस ना?’ या प्रश्नाला मान डोलावून होकार. मग मी विचारले, ‘काल सकाळपासून काय काय खाल्लेस, क्रमाने सांग.’ ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर हळूच म्हणाली, ‘सर, घरी सांगू नका. बाबांनी यंदा सोयाबीन विकून पैसे पाठवलेत.’

हे वाक्य निरनिराळ्या तोंडांतून मी अनेकदा ऐकले आहे. मुलगी बापाला जपते आणि बाप मुलीच्या ‘हो’वर विश्वासून शेतात राबतो. दोघांच्या मायेतून भूक लपत जाते.

जरा हिशेब मांडू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० आणि स्त्रीला सुमारे १,६६० किलोकॅलरी लागतात. प्रथिने अनुक्रमे ५४ आणि ४६ ग्रॅम. आता सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी अर्धा डबा, संध्याकाळी एक वडापाव, रात्री उरलेला अर्धा डबा असा दिवस धरा. वडापावातून तीनशेच्या आसपास कॅलरी मिळतात खऱ्या. पण एकूण बेरीज बाराशे-तेराशेच्या पुढे सहसा जात नाही आणि प्रथिने निम्म्यावर अडतात. असे चार दिवस गेले तर शरीर सोसते. असे दोन वर्षे चालले की, स्नायू झिजतात, लोह आणि ब-१२ चे साठे आटतात, लहानसहान संसर्ग लांबत जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे मुलगी शहरात येते तीच रिकामी तिजोरी घेऊन, खाडे त्यानंतरचे.

येथे आपल्या व्यवस्थेतील एक विचित्र फट दिसते. सरकारी शाळेत आठवीपर्यंत दुपारचे जेवण मिळते. नववीपासून ते थांबते, आणि महाविद्यालयात तर भूक ही सर्वस्वी खासगी बाब ठरते. २०२४-२५ पासून आपल्या राज्याने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगलाच आहे. परंतु शुल्क वर्षातून एकदा भरायचे असते, मेस दरमहा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरांत तिच्यात वर्षाला ६० हजार रुपये ठरले, त्यांपैकी ३२ हजार भोजनासाठी. दहा महिन्यांवर विभागले तर महिना ३,२०० रुपये. यात काटकसरीने दोन वेळचा डबा बसू शकतो. पण हप्ता उशिरा आला की उधारी सुरू होते, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार. आदिवासी वसतिगृहांत २०१८ मध्ये मेसऐवजी जेवणाचे पैसे थेट बँक खात्यात देण्याचे ठरले, तेव्हा त्या निर्णयाविरुद्ध मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. त्यांचे म्हणणे मला वैद्य म्हणून पटते. ताटातले अन्न पोटातच जाते. खात्यातले पैसे घरच्या अडचणीलाही जातात.

आपल्या वडीलधाऱ्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. एके काळी पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागून शिकत. कोणी ‘वार लावून’ जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या पद्धतीत जातीची कुंपणे होती, अपमानही होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती कुंपणे ओलांडण्याचे काम वसतिगृहांनी केले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना आधार दिला. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एकत्र जेवूघालणारे बोर्डिंग काढले आणि त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह, पुढे १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती. या सर्वांना एक गोष्ट कळली होती: शिकवण्याआधी जेवू घालावे लागते. भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’ या कल्पनेतून आजही आपल्या विद्यापीठांत योजना चालते, त्यामुळे मुलाला हात पसरावा लागत नाही.

हा प्रश्न केवळ आपल्या गरिबीचा आहे, असेही समजू नये. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये तेथील ३१ अभ्यास तपासले, तेव्हा त्यांपैकी २२ अभ्यासांत तीस टक्क्यांहून अधिक विद्यार्थी अन्न-असुरक्षित आढळले होते. मिशिगन स्टेट विद्यापीठात १९९३ पासून विद्यार्थ्यांनीच चालवलेली अन्नपेढी आहे. आता शेकडो महाविद्यालयांत तशा आहेत.

आपल्याकडे काय करता येईल? मोठ्या घोषणेची वाट न पाहता करण्याजोगे बरेच आहे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे तो देण्याचा प्रकार. ‘गरजू विद्यार्थ्यांनी कार्यालयात नावे द्यावीत’ अशी सूचना फलकावर लावली की, खरा गरजू पहिला मागे सरतो. उलट, वर्गशिक्षकाने कूपन गुपचूप हातात द्यावे आणि ते मेसच्या इतर कूपनासारखेच दिसावे. महाविद्यालयाच्या उपाहारगृहात सकाळी एक उकडलेले अंडे किंवा मोड आलेली उसळ नाममात्र दरात सर्वांनाच मिळाली, तर त्यात कोणाची गरिबी उघडी पडत नाही. गेल्या दशकातल्या दुष्काळांत पुण्यातील काही मंडळींनी दुष्काळी भागातल्या मुलांचे मेसचे पैसे परस्पर मेसचालकाकडे भरले होते. मुलाला फक्त एवढेच कळे की, या महिन्याचे झाले. ही रीत मला फार आवडली.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. तरुण रुग्णाला दोन प्रश्न विचारा: ‘पैसे संपल्यामुळे जेवण पुरणार नाही अशी काळजी गेल्या वर्षभरात वाटली का?’ आणि ‘तसे प्रत्यक्ष घडले का?’ काही ठिकाणी वैद्य हेच विचारतात. अर्ध्या मिनिटाचे काम आहे, आणि पित्ताच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या वाचतात.

आता आपण, पालक. ‘जेवलास का’ऐवजी ‘काल रात्री भाजी कोणती होती?’ असे विचारा. ‘रविवारी संध्याकाळी काय केलेस?’ हे तर अवश्य विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर रागावू नका. घरून डबा पाठवताना चिवडा-चकलीपेक्षा शेंगदाण्याचे लाडू, फुटाणे, गूळ, भाजलेले पीठ यांना जागा द्या. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, फुटाण्यांत वीसच्या आसपास. एका अंड्यात सहा. रोज एक मूठ शेंगदाणे, एक मूठ फुटाणे आणि दोन अंडी एवढ्याने अर्ध्या डब्याची बरीच उणीव भरून निघते. जेवणानंतर तासभर चहा टाळायला सांगा, कारण तो अन्नातील लोह शोषू देत नाही. सतत थकवा, धाप, पाळीत अनियमितता किंवा दोन-तीन महिन्यांत तीन-चार किलो वजन उतरणे अशी लक्षणे असतील, तर हिमोग्लोबिन आणि ब-१२ तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका.

आणखी एक गोष्ट बऱ्याच घरांना माहीत नसते. आपली शिधापत्रिका प्राधान्य कुटुंब गटातील असेल, तर प्रत्येक व्यक्तीमागे महिना पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते. आपल्या मुलाचे नाव त्या पत्रिकेवर असेल आणि आधार जोडलेले असेल, तर ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेमुळे तो त्या धान्यातला भाग पुण्यातल्या रास्त भाव दुकानातून अंगठा लावून घेऊ शकतो. उरलेले घरच्यांना गावी मिळते. खोलीवर चूल मांडता येत नसेल तर त्याचा उपयोग नाही, हे खरे. पण चार मुले मिळून भाड्याची खोली घेऊन स्वयंपाक करत असतील, तर चौघांचे वीस किलो धान्य होते. त्यांना फक्त डाळ, तेल, भाजी आणि गॅस एवढ्याचीच वर्गणी काढावी लागते. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका खोलीतल्या मुलांनी गेल्या जूनपासून असे सुरू केले आहे. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे खिचडी असते, आणि शेजारच्या अभ्यासिकेतले दोघे-तिघे ताटली घेऊन येतात, असे परवाच कळले.