सासूबाईंचं बटण

कासुर्डीच्या आमच्या घरी अंगणातला दिवा माजघरातल्या जुन्या बोर्डावरून लागतो. सासूबाई पहाटेच गोठ्यात जातात. आमच्या शिरूर-दौंडकडे बिबट्याची धास्ती, म्हणून त्या उठण्याआधी अंगणात उजेड हवा. लेकीनं ‘होम असिस्टंट’ची टूम काढली. हे २०१३ पासूनचं मोफत सॉफ्टवेअर. सासूबाई कडाडल्या, “माझ्या बटणाला हात लावायचा नाही!”

मैत्रिणींनो, बटण बदलावं लागतच नाही. त्याच्यामागे काड्यापेटीएवढा वाय-फाय रिले बसतो. ठरल्या वेळी दिवा आपोआप लागतो, बटणही चालतं. फक्त खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद, हे गणित राहत नाही. त्यावरून आठवडाभर कुरकुर झाली!

खरी अडचण निराळीच. जुन्या बोर्डात बहुधा न्यूट्रलची तार नसते आणि बहुतेक रिलेंना ती लागते. आमच्या वायरमननं ती वेगळी ओढली. २३० व्होल्टशी खेळ नको, हे काम त्यालाच सांगा. रिले इंटरनेटशिवाय चालणारा घ्या, म्हणजे रेंज गेली तरी घरातल्याच छोट्या कॉम्प्युटरवरून दिवा लागतो.

वीजच गेली तर? सासूबाईंची बॅटरी अजून उशाशीच असते.