धायरीचं खोकं, सहारचं विमान

पुण्यात धायरी फाट्यावरून आत वळून नऱ्ह्याच्या बाजूला गेलं की लहान-लहान कारखान्यांच्या शेड दिसू लागतात. अशा शेडमधून परदेशी जाणारा माल म्हणजे फक्त लोखंडी सुटे भाग नसतात. रंग, चिकटद्रव्यं, सॉल्व्हंट, लिथियम बॅटरीवर चालणारी उपकरणं, हेही त्यात येतं. खोकं टेम्पोत चढतं, नवले पुलाकडून महामार्गाला लागतं आणि सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या मुंबईच्या सहार विमानतळावर पोचतं. कार्गोवाले या मालाला ‘डीजी’ म्हणतात, म्हणजे डेंजरस गुड्स. तो आकाशात शांत राहणार की नाही, हे बहुतांशी धायरीतल्या पॅकिंगच्या टेबलावरच ठरतं.

ज्वलनशील रंगाच्या एक लिटरच्या बाटल्या घेऊ. संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला त्याचा यूएन क्रमांक १२६३, धोक्याचा वर्ग ३. मध्यम धोक्याच्या गटातला रंग असेल तर प्रवासी विमानात एका खोक्यात जास्तीत जास्त ५ लिटर, मालवाहू विमानात ६०. झाकण घट्ट फिरवून वर टेप मारायची, कारण विमान चढतं तसा बाहेरचा दाब घटतो आणि बाटलीतला दाब झाकण ढकलू लागतो. जमिनीवर महिनोन्‌महिने न गळलेली बाटली वर गेल्यावर गळू शकते. म्हणून अशा बाटलीला ९५ किलोपास्कलचा दाबफरक सोसावा लागतो. भोवती व्हर्मिक्युलाइटचे हलके, चकाकते दाणे ओततात. ते बाटल्या एकमेकींवर आपटू देत नाहीत आणि गळलंच तर शोषून घेतात.

बाहेरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर गोलात यूएनची खूण असते. पुढे ‘४जी’ म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं, ‘वाय’ म्हणजे मध्यम आणि कमी धोक्याच्या मालाला चालणारं; मग कमाल वजन, वर्ष आणि भारताचं ‘आयएनडी’. हा ‘वाय’ मिळवायला भरलेलं खोकं १.२ मीटरवरून आपटतात. अतिधोकादायक मालाच्या ‘एक्स’साठी ही उंची १.८ मीटर. शिवाय ३ मीटरच्या थप्पीइतकं ओझं २४ तास पेलावं लागतं. आपल्याकडे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग या चाचण्या करते. चाचणीत ज्या टेपने, ज्या पद्धतीने खोकं बंद केलं, तसंच ते पॅकरनेही बंद करायचं. हाताशी आली ती टेप लावली की त्या खुणेला अर्थ राहत नाही. या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच. कुणी बघत नसतानाही इथे टेपची रुंदी पाळावी लागते.

नियमांचं पुस्तक ‘आयएटीए’ या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं. पहिलं १९५६ मध्ये निघालं. आता दर १ जानेवारीला नवी आवृत्ती लागू होते. भारतात २००३ च्या नियमांपासून यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) देखरेख आहे आणि हे काम करणाऱ्या माणसांना दर दोन वर्षांनी पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागतं.

हे सगळं कशासाठी, ते ११ मे १९९६ ला फ्लोरिडात दिसलं. व्हॅल्यूजेटच्या विमानातून जुन्या विमानांतली, मुदत संपलेली ऑक्सिजन जनरेटर पाठवली होती. ती रिकामी नव्हती. सुरक्षेच्या टोप्या बसवलेल्या नव्हत्या, आणि कागदावर लिहिलं होतं ‘रिकामी’. असं जनरेटर एकदा चालू झालं की प्रचंड तापतं आणि आगीला ऑक्सिजनही पुरवतं. मायामीहून सुटलेलं ते विमान काही मिनिटांतच दलदलीत कोसळलं. ११० जण गेले. कागदावरच्या त्या एका चुकीच्या शब्दाने मधल्या सगळ्यांना बेसावध ठेवलं.

म्हणूनच लाल पट्टेरी किनारीच्या ‘शिपर्स डिक्लेरेशन’वरची सही महत्त्वाची. त्यावर यूएन क्रमांक, मालाचं ठरलेलं नाव, वर्ग, प्रमाण. मालाची खरी माहिती पाठवणाऱ्यालाच असते, म्हणून जबाबदारीही त्याचीच. याच माहितीवरून कॅप्टनच्या हातात उड्डाणापूर्वी ‘नोटॉक’ पडतं: कुठल्या कप्प्यात काय आणि किती. त्याला खोकं उघडून बघता येत नाही. लिथियम बॅटऱ्यांना तर वेगळे नियम आहेत. २०१० मध्ये दुबईजवळ अशा बॅटऱ्या घेऊन निघालेल्या मालवाहू विमानाला आग लागून दोन्ही वैमानिक गेले. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसाव्या लागतात.

मला जास्त काळजी कारखान्यांपेक्षा घरांची वाटते. दिवाळीत लेकीसुनांना अमेरिकेला फराळाचा डबा जातो, त्यात कोपऱ्यात पूजेचा कापूर, डिओडरंटचा कॅन, नातवासाठी फुलबाज्यांचं पाकीट सरकवलं जातं. कापूर हा ज्वलनशील घन पदार्थ, वर्ग ४.१, फुलबाजी स्फोटकांत मोडते. पाठवणाऱ्या आजीच्या मनात माया असते, कुरिअरच्या पावतीवर मात्र ‘फराळ’ एवढंच लिहिलेलं असतं. कुरिअरवाल्याने खोदून विचारलं तर रागावू नये.

सहारच्या काउंटरवरही तसंच. तिथला कर्मचारी यादी हातात घेऊन एकेक रकाना तपासतो. लेबल चुकीचं, कागदावर मालाचं नाव अर्धवट किंवा खोक्याचा कोपरा ओला दिसला तरी माल परत. निर्यातदाराचं विमान चुकतं, परदेशी गिऱ्हाईक ओरडतं, धायरीला फोन येतात. पण ओल्या कोपऱ्याचं कारण खोकं उघडल्यावरच कळतं आणि ते उघडायची जागा जमिनीवरच आहे. नवं खोकं, नवं डिक्लेरेशन, नवी सही झाली की माल पुढच्या विमानाने जातो.